शाळेतलं इंजिन वर्कशॉप : इंजिन ‘बंद’ आहे असं नक्की कधी म्हणायचं?

टॅपेट (धागाकर्ता)

शाळेच्या इंजिन वर्कशॉपमध्ये भिंतीवर नियमांचा तक्ता असतोच. गॉगल घाला, सैल कपडे नकोत, पळापळ नको. त्यात चूक काही नाही, पण तो तक्ता जवळजवळ सगळा चालू इंजिनाबद्दल असतो. चालू इंजिन दणदणतं, हलतं, धूर सोडतं, त्यामुळे मुलं आपणहून दोन पावलं लांब राहतात. बंद इंजिनात मात्र पाच जण डोकं घालून उभे असतात. आणि बंद म्हणजे काय, तर किल्ली फिरवली, एवढंच. आत बरंच काही शिल्लक असतं.

पहिलं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी. रेडिएटरचं झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली पाणी १०० नाही, १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे ११० अंशांचं पाणी आत निमूट बसलेलं असतं. ना बुडबुडे, ना आवाज. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उकळून वाफेसकट उसळतं, नेमकं वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर. घड्याळ लावून ‘अर्धा तास थांबा’ हे मला पटत नाही. इंजिन किती तापलं होतं त्यावर ते अवलंबून आहे. रेडिएटरचा वरचा होज हीच खरी खूण. आधी हाताची पालथी बाजू जवळ नेऊन अंदाज घ्यायचा, मग पिळून बघायचा. टणक लागला तर आत दाब आहे. मऊ लागला आणि हाताला सोसवला तरच झाकणाला हात; तेही जाड फडकं टाकून, पहिल्या खाचेपर्यंत, थोडं थांबून, मग दाबून पुढे.

दुसरा इलेक्ट्रिक पंखा. कित्येक गाड्यांत त्याला किल्लीशी देणंघेणं नसतं. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, तापमान उलट थोडं चढतं, थर्मोस्विच जुळतो आणि पंखा आपोआप सुरू होतो. फॅनचा प्लग काढणं किंवा बॅटरी सोडवणं याला पर्याय नाही.

तिसरं इंधन. पेट्रोल इंजेक्शनच्या रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ३ ते ४ बार दाब तासन् तास राहतो. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू द्या, पुन्हा दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा, मग फिटिंगला फडकं गुंडाळून हळू सैल करा.

माझी व्याख्या तीन अटींची आहे: किल्ली शिक्षकांकडे, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटलेली आणि झाकलेली, वरचा होज मऊ. यात भर घाला किंवा खोडून काढा.

फ्लायव्हील

+१. बॅटरीबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘१२ व्होल्टने काय होतंय’ हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच. शॉक लागत नाही हे खरं. पण शॉर्ट झाल्यावर तीच बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. पाना एकीकडे पॉझिटिव्हला, दुसरीकडे बॉडीला टेकला आणि मध्ये बोटातली अंगठी सापडली, तर अंगठी सेकंदा-दोन सेकंदांत इतकी तापते की भाजतं ते थेट हाडापर्यंत. म्हणून अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ बाहेरच.

काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेनंतर उलट करतात. कारण एकदा दाखवलं की विसरत नाहीत: निगेटिव्ह जोडलेली असेतोवर गाडीची सगळी बॉडी निगेटिव्ह असते, त्यामुळे पॉझिटिव्हवरचा पाना कुठेही टेकला तरी ठिणगी. निगेटिव्ह आधी काढली की तोच पाना बॉडीला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही.

चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के झाला तरी पेटतो. चार्जरचे चिमटे चालू चार्जरवर काढले की ठिणगी बरोबर बॅटरीच्या तोंडाशी पडते. आधी चार्जरचं बटण बंद, मग चिमटे. जंप केबलचा शेवटचा चिमटाही उतरलेल्या बॅटरीवर लावू नका. इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब.

अ‍ॅसिड डोळ्यांत गेलं तर वाहतं स्वच्छ पाणी, किमान १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, आणि मग डॉक्टर. खाण्याचा सोडा जमिनीवर सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी आहे, डोळ्यांसाठी नाही.

ग्रीसगन

बॅटरीसाठी १० नंबरचा एक पाना वेगळा ठेवा, दांड्यावर रबरी नळी चढवलेला. त्याने दुसरं काही खोलायचं नाही.

नवशिका

उपयुक्त धागा. आमच्याकडे गाडीचं इंजिन नाही, एक सिलिंडरचं, हँडल मारून चालू करायचं डिझेल इंजिन आहे. त्यात किल्लीही नाही आणि बॅटरीही नाही. मग ‘बंद’ कसं ठरवायचं?

अर्धा अश्वशक्ती

तिथे बंद म्हणजे स्टॉप लिव्हर बंद स्थितीत बांधलेला, डिकॉम्प्रेशन लिव्हर (व्हॉल्व्ह उघडा धरून सिलिंडरमधला दाब घालवणारा) उचललेला आणि हँडल इंजिनावर नाही, कपाटात. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची.

चालू करण्याबद्दलही लिहितो, कारण या इंजिनावर हात जायबंदी होतो तो हँडलनेच. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल बोटांतून निसटून जातं. अंगठ्याचा विळखा असेल तर मनगट किंवा अंगठा सोबत नेतं. डिकॉम्प्रेशन उचलून वेग घ्यायचा, फ्लायव्हीलला पुरेशी गती आली की लिव्हर सोडायचा, आणि लिव्हर सोडल्यावरही हँडल फिरवत राहायचं. घाबरून मध्येच थांबणाऱ्यालाच झटका बसतो. ज्याच्या अंगात तेवढा जोर नाही त्याला पहिल्याच दिवशी हँडल देऊ नये. दोघांनी मिळून एक हँडल मारणं तर अजिबात नाही.

हँडलच्या टोकाला तिरकी खाच असते आणि शाफ्टवर पिन. इंजिन हँडलपेक्षा जोरात फिरू लागलं की ती तिरकी कड हँडलला बाहेर ढकलते. कड झिजली, तिच्यावर बर (धातूची खरखरीत धार) आली किंवा शाफ्टवर वाळलेलं ग्रीस असलं, की हँडल सुटत नाही आणि इंजिनासोबत गरगरत राहतं. तेव्हा ते पकडायला जायचं नाही. सगळ्यांनी त्याच्या फिरण्याच्या रेषेतून बाजूला व्हायचं आणि स्टॉप लिव्हर ओढायचा. कारण ते सुटेल ते त्याच रेषेत उडेल. दर आठवड्याला खाचेवर बोट फिरवून बघा, बर असेल तर कानस मारा, शाफ्टला तेलाचा थेंब द्या. पाच मिनिटांचं काम.

डिझेलचा आणखी एक प्रकार सांगायलाच हवा: इंजिन बेफाम सुटणं. गव्हर्नरची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकली, किंवा सम्पमध्ये (इंजिनाच्या तळच्या तेलाच्या टाकीत) तेल जास्त भरलं आणि ते वर जाऊन जळायला लागलं, की वेग चढतच जातो. तेलावर पळणारं इंजिन डिझेल तोडून थांबत नाही. हवा तोडावी लागते. इनटेकच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड प्लायवूडची फळी, मागे मूठ लावलेली, इंजिनाशेजारी खिळ्याला टांगून ठेवा. हाताच्या तळव्याने किंवा फडक्याने तोंड बंद करायला जाऊ नका; ओढ इतकी असते की हात अडकतो आणि फडकं आत जातं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर इनटेकमध्ये सोडला तरी चालतं. छोट्या इंजिनात डिकॉम्प्रेशन लिव्हरही कामी येतो, पण त्यासाठी इंजिनाजवळ जावं लागतं. आणि हे काम शिक्षकाचं. विद्यार्थ्यांना एकच शिकवायचं: आवाज चढत चालला की बाहेर, आणि फ्लायव्हीलच्या रेषेतून नाही.

नवशिका

धन्यवाद. सम्पमध्ये तेल जास्त भरल्यामुळे असं होतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

अर्धा अश्वशक्ती

डिपस्टिक तिरक्या जमिनीवर बघितली की हमखास जास्त भरलं जातं. इंजिन पाणसळीने समतल करून घ्या.

नोझल

डिझेलचा विषय निघालाच आहे तर इंजेक्टर (डिझेलचा फवारा मारणारा भाग) टेस्टिंग. हातपंपाच्या टेस्टरवरही नोझल १०० ते २५० बारवर उघडतो. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीत) १६०० ते २००० बार आणि काहींत त्याहून जास्त. एवढ्या दाबाची धार कातडीतून सरळ आत जाते. दिसतो फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका, आणि सुरुवातीला फार दुखतही नाही. इथेच घोळ होतो. मूल हात झटकतं, चिंधीला पुसतं आणि कामाला लागतं. आत डिझेल बोटाच्या आवरणांतून तळहातापर्यंत पसरलेलं असतं, काही तासांत सूज येते, रक्तपुरवठा तुटतो, आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं. ठिपका दिसला की थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय. तिथे ‘जखम झाली’ म्हणू नका, ‘उच्च दाबाचं डिझेल कातडीत घुसलंय’ हेच शब्द वापरा, नाहीतर मलमपट्टी करून घरी पाठवतील.

गळती शोधायला बोट फिरवायचं नाही. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, ओला डाग पडेल तिथे गळती. टेस्टरचा नोझल पारदर्शक भांड्यात तोंड खाली करून. कॉमन रेलचे पाइप इंजिन चालू असताना सैल करणं शाळेत मुळीच नको. जुन्या पंपांवर नट सैल करून कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायची सवय असते, ती सवय घेऊन कॉमन रेलकडे जाऊ नका.

चोक

सगळं मान्य, पण एवढी भीती घातली तर मुलं हातच लावणार नाहीत. इंजिन शिकायचं तर हात काळे व्हायलाच हवेत. कुणी सगळ्या कामांना हातमोजे सक्तीचे करतं, कुणी इंजिन चालूच करू देत नाही. फळ्यावर आकृत्या काढून मेकॅनिक होत नाही कुणी.

टॅपेट

चोक, मुलांनीच चालू करावं. फक्त चालू करणारा एकच. तो मोठ्याने ‘चालू करतोय’ म्हणणार, इंजिनाभोवतीच्या प्रत्येकाने हात वर करून दाखवायचे, आणि शिक्षक ‘कर’ म्हटल्यावरच किल्ली. हात वर असले की ते पुलीत नसतात. तक्त्यावरच्या दहा नियमांपेक्षा हे एक पुरेसं होतं.

हातमोज्यांबद्दल तुमच्याशी अर्धा सहमत. ड्रिल, ग्राइंडर, फिरती पुली, बेल्ट यांच्याजवळ कापडी किंवा चामडी मोजे नकोतच. मोज्याचा एक धागा अडकला की आख्खा हात ओढला जातो. उघड्या हाताला निदान फक्त कापतं. पण वापरलेलं ऑइल काढताना पातळ नायट्राइल मोजे हवेत. इंजिनात जळून आलेल्या तेलात कॅन्सरला कारणीभूत ठरणारे घटक असतात आणि ते कातडीतून शिरतात. तेलकट फडकं खिशात कोंबून दिवसभर फिरणं हेही त्याच कारणाने बंद.

फ्लायव्हील

मोज्यांसारखंच ओढणी, टायची टोकं, हुडीच्या नाड्या, मोकळे केस. केस नुसते बांधून भागत नाही, वेणी पुढे लोंबते. अंबाडा किंवा टोपीच्या आत.

क्रँककेस

वजन उचलण्याबद्दल कुणी बोललंच नाही. चार सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन गिअरबॉक्सशिवायही १०० ते १५० किलो भरतं.

इंजिन क्रेनच्या हातावर तीन-चार भोकं असतात आणि प्रत्येकापाशी आकडा. हात आखडलेला असताना २ टन उचलणारी क्रेन पूर्ण लांबवल्यावर चौथाईवर येते. मुलं सगळ्यात मोठा आकडा वाचतात आणि सगळ्यात लांबचं भोक वापरतात.

साखळीचा कोन त्याहून फसवा. दोन फाट्यांमध्ये ६० अंश असतील तर १२० किलोच्या इंजिनाला प्रत्येक फाट्यावर सुमारे ७० किलो ताण येतो. साखळी आखूड पडली म्हणून कोन १२० अंशांवर गेला तर प्रत्येक फाट्यावर आख्खे १२० किलो. वजन तेवढंच, ताण जवळजवळ पावणेदोनपट, शिवाय बोल्ट आडवा खेचला जातो तो वेगळा. गणिताच्या तासाला द्यावं असं उदाहरण आहे हे.

इंजिन स्टँडला लावताना चार बोल्ट, ८.८ ग्रेड किंवा वरचे, आणि आट्यांत बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी शिरलेले. १० मिमीचा बोल्ट असेल तर १५ मिमी. डोकं बघून कळत नाही म्हणून आधी हाताने पूर्ण आत घालून आटे मोजा. स्टँडवर इंजिन उलटं करताना जडपणा वर आला की ते मधूनच गर्रकन फिरतं. पिन काढणारा एक, दांडा धरणारा दुसरा, बाकीचे लांब.

गाडीखाली जायचं तर जॅक फक्त उचलायला. पेललेली असते ती घोडीवर (लोखंडी स्टँडवर), तीही सिमेंटच्या कडक जमिनीवर, चाकांना दोन्हीकडून ओट (अडवणारे ठोकळे) लावून. हायड्रॉलिक जॅकची एक ओ-रिंग गेली की गाडी खाली. सिमेंटचे पोकळ ठोकळे वापरू नका. तडा जाताना आधी आवाज देत नाहीत.

ग्रीसगन

व्हॉल्व्ह स्प्रिंग राहिली. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबायच्या क्लॅम्पने) दाबलेली स्प्रिंग २०-३० किलोच्या वर जोर धरून असते. कॉलेट (स्प्रिंग जागेवर धरणारी छोटी पाचर) निसटलं की बंदुकीच्या छऱ्यासारखं सुटतं. गॉगल चष्म्यावरून घालायचा, बाजूने बंद असलेला. आणि कॉम्प्रेसरच्या रेषेत चेहरा नको. कॉलेट चुंबकाने उचला, बोटांनी नाही.

नोझल

अवांतर: मोठ्या किंवा टर्बो इंजिनांचे काही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ असतात आणि त्यात सोडियम भरलेलं असतं. ‘आत काय आहे बघू’ म्हणून ते कापू नका, ग्राइंडरवर धरू नका. सोडियम पाण्याशी भडकतं.

चोक

बरं, मग पार्ट धुवायचं काय? पेट्रोलइतकं लवकर ग्रीस दुसरं काही काढत नाही.

कार्बुरेटर

इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. पेट्रोलने पार्ट धुणं बंद म्हणजे बंद.

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी तयार होते, म्हणजे खोलीच्या तापमानाला ती कायमच हजर. हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे टबाच्या काठावरून ओघळून जमिनीलगत पसरते आणि सर्व्हिस पिटमध्ये (गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात) साठते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पुरे. पाच-सहा मीटर लांब असलेल्या कॉम्प्रेसरच्या मोटरची ठिणगी, ग्राइंडर, खाली पडून फुटलेला हँडलॅम्पचा बल्ब, यातलं काहीही पेटवू शकतं, आणि ज्वाला जमिनीवरून धावत टबापर्यंत परत येते. वास डोक्याच्या उंचीवर कमीच येतो.

पाण्यात मिसळणारा डिग्रीजर, कोमट पाणी, नायलॉनचा ब्रश. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या. क्लोरीनवाले ब्रेक क्लीनर शाळेत नकोच: ते मारून ओल्या पार्टवर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जुने ब्रेक आणि जुनी गॅस्केटं यांच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवेचा फवारा मारून धूळ उडवायची नाही. ओलं करून पुसायचं.

छोट्या इंजिनात पेट्रोल भरायचं तर बंद करून गार होऊ द्या. कॅन जमिनीवर ठेवून भरा, बाकावर नाही. आणि पेट्रोल इंजिनाला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला अडकवा. गवत कापायच्या यंत्राचं पातं हाताने फिरवलं तर इंजिनही फिरतं आणि एखादा फटका मारून जातं.

आग लागलीच तर पाणी नको, पेट्रोल त्यावर तरंगून पसरतं. ६ किलोचा पावडर सिलिंडर दाराजवळ, आतल्या भिंतीला नाही. तो १५-२० सेकंदांत संपतो, म्हणजे एकच संधी. टबाला लागली असेल तर झाकण टाकणं सगळ्यात सोपं, म्हणून टबाला बिजागरीचं धातूचं झाकण हवं. फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात, रोज रिकामा.

फ्लायव्हील

धूर! कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. ‘शटर अर्धं उघडं आहे’ पुरत नाही. सायलेन्सरला उष्णता सोसणारा होज लावून तोंड भिंतीबाहेर, आणि बाहेर जिथे सोडला तिथे वर्गाची खिडकी नाही ना ते बघा. आयडलिंगवरचं, चोक लावलेलं गार पेट्रोल इंजिन सगळ्यात जास्त सोडतं. दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी सगळे बाहेर, चर्चा नंतर.

चोक

पेट्रोलबद्दल हरलो. टबाला झाकण करून घेतो.

कॉम्प्रेसर

माझ्या वाट्याचं थोडं: हवेच्या नळीने कपडे झटकायचे नाहीत, कुणाच्या अंगावर मारायची तर नाहीच. नोझलवर दाब २ बारच्या आत. धुतलेलं बेअरिंग हवेने गरगर फिरवून वाळवणं मुलांना फार आवडतं. तेल नसलेलं बेअरिंग त्या वेगाला फुटतं आणि गोळ्या उडतात.

ग्राइंडरवर टेकू आणि चाकात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, नाहीतर काम आत ओढलं जातं. अ‍ॅल्युमिनियम त्या चाकावर नको, ते भरून बसतं, तापतं आणि चाक फुटू शकतं. इम्पॅक्ट गनला काळे सॉकेट. चकचकीत क्रोमचे सॉकेट तडकून उडतात.

टॅपेट

सगळ्यांचे आभार. व्याख्येत भर घालतो: हँडल कपाटात, प्लगची टोपी सुटलेली, उचललेलं वजन घोडीवर. आता एकच प्रश्न उरला. काम झाल्यावर किल्ली परत द्यायची कधी?

क्रँककेस

हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवा आणि किल्लीचा खिळा त्याच फळ्यावर. एकही रेषा रिकामी दिसली तर किल्ली खिळ्यावरून निघत नाही. नेहमी गायब असतो तो क्रँक पुलीच्या बोल्टवर लावून विसरलेला रॅचेट. टायमिंग जुळवताना इंजिन त्यानेच फिरवलेलं असतं, मग सगळे बाजूला होतात, कुणीतरी स्टार्टर मारतं आणि तो दांडा पुलीसोबत फिरून चेसिसला आपटतो किंवा समोरच्याच्या नडगीवर बसतो.

ग्रीसगन

रॅचेटची बाह्यरेषा लाल रंगात काढा. बाकीच्या काळ्या चालतील.